बटाट्याएवढ्या पिल्लाला हवी मांडी

एक होतं कुत्र्याचं पिल्लू. केवढं होतं? बटाट्याएवढं! मोठ्या बटाट्याएवढं हं, अगदीच लहान नाही. रंगही बटाट्याचाच.

ते राहायचं शुभाकाकूंकडे. एका मऊ मऊ टोपलीत. टोपलीत होती चार पिल्लं. काळं, पांढरं, ठिपक्यांचं आणि हे. काकूंना ती पुलाखालच्या पाइपात सापडली होती. काकूंनी त्यांना पुसलं. दूध पाजलं. पोटांवरून हात फिरवला. आणि सांगितलं, "मी तुमची मधली काकू. घर मिळेपर्यंतची."

मग एक घर आलं. काळं गेलं. दुसरं घर आलं. पांढरं गेलं. काल आणखी एक घर आलं आणि ठिपक्यांचं गेलं. दर वेळी काकू हसल्याही आणि रडल्याही. एकदमच! हे कसं करतात, पिल्लाला काही कळेना.

आज सकाळी पिल्लू जागं झालं. डावीकडे सरकलं. कुणी नाही. उजवीकडे सरकलं. कुणी नाही. पाठीला लावायला पाठच नाही! टोपली केवढी तरी मोठी झाली होती.

"कूं," पिल्लू म्हणालं. "काकू, आता मी कुणाला चिकटून झोपू?"

"तुला ना, एक मांडी हवी," काकू म्हणाल्या. "कायमची मांडी."

"कायमची म्हणजे?"

तेवढ्यात दूध उतू गेलं. फस्स्स! काकू पळाल्या.

दार होतं किलकिलं. पिल्लानं नाक बाहेर काढलं. हुंग हुंग! बाहेर केवढे वास! मग नाकाच्या मागून पिल्लूही बाहेर आलं.

तुरुतुरु, तुरुतुरु, पिल्लू निघालं.

समोरच्या दारात पालवी बसली होती. चपला घालत होती. डावी उजव्या पायात, उजवी डाव्या पायात. हुंग हुंग! पालवीला येत होता बिस्किटाचा वास.

"पालवीताई, पालवीताई, मांडी देतेस का?"

"देते की!" पालवी म्हणाली. "पण आई हो म्हणाली तर."

तुरुतुरु, तुरुतुरु, पिल्लू निघालं.

स्वयंपाकघरात होती आई. पोहे भिजवत होती. हुंग हुंग! आईला येत होता कढीपत्त्याचा वास.

"आई, आई, हो म्हणतेस का?
पालवी मांडी देईना.
मग मी झोपू कुठं?"

"अगं बाई!" आई दचकली. "एकटंच आलंस? पाय घसरला असता म्हणजे?"

मग आई बरंच काय काय बोलली. शू कुठं करणार? चावणार तर नाही? ताप आला तर? बोलता बोलता ती खाली वाकली. पिल्लानं आईकडे बघितलं. आईनं पिल्लाकडे बघितलं. आणि पटकन परत पोह्यांकडे बघितलं.

"म्हणते हो," आई पोह्यांना म्हणाली. "पण बाबा उठून तुला फिरायला नेतील तर."

तुरुतुरु, तुरुतुरु, पिल्लू निघालं.

पलंगावर होते बाबा. डोक्यावर पांघरूण, पाय बाहेर. हुंग हुंग! बाबांना येत होता मोज्यांचा वास. अहाहा! इतका छान वास पिल्लानं कधी घेतलाच नव्हता.

"बाबा, बाबा, उठता का?
आई हो म्हणेना.
पालवी मांडी देईना.
मग मी झोपू कुठं?"

"अरे, रविवार आहे आज," पांघरुणातून आवाज आला. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही. ऐक, ऐक तो आवाज!"

पिल्लानं कान उभे केले. एक कान उभा राहिला. दुसरा परत पडला.

घुर्रर्र फूं! घुर्रर्र फूं!

"उठतो," बाबा म्हणाले. "पण आजोबा घोरायचे थांबले तर."

तुरुतुरु, तुरुतुरु, पिल्लू निघालं.

पलीकडच्या खोलीत होते आजोबा. घुर्रर्र फूं! हुंग हुंग! आजोबांना येत होता बामचा वास. पिल्लाच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"आजोबा, आजोबा, घोरायचं थांबता का?
बाबा उठेनात.
आई हो म्हणेना.
पालवी मांडी देईना.
मग मी झोपू कुठं?"

आजोबांनी एक डोळा उघडला. "मी? घोरतो? कोण म्हणतं? साफ खोटं!"

"मी ऐकलं," पिल्लू म्हणालं. "घुर्रर्र फूं."

"बरं, असेल," आजोबा म्हणाले. "डोक्याखाली उशीच नाही, तर मान वाकडी होणारच. मान वाकडी, की घुर्रर्र. थांबतो मी. पण सायबाई उशीवरून उठली तर."

तुरुतुरु, तुरुतुरु, पिल्लू निघालं. फार लांब नाही. उशीपर्यंतच.

उशीवर होती सायबाई. पांढरी, गोल मांजर. दुधावरच्या सायीसारखी. हुंग हुं...

"फिस्स! नाक लांब ठेव."

पिल्लानं नाक लांब ठेवलं.

"सायबाई, सायबाई, उठतेस का?
आजोबा थांबेनात.
बाबा उठेनात.
आई हो म्हणेना.
पालवी मांडी देईना.
मग मी झोपू कुठं?"

सायबाईनं पंजा चाटला. मग दुसरा पंजा चाटला. पिल्लू थांबलं. सायबाईला कुणी घाई करत नाही.

"उठते," ती म्हणाली. "पण माझ्या खिडकीत ऊन आलं तर. बघ, ती गोधडी आडवी आली आहे. गोधडी सरकली तरच ऊन येईल."

तुरुतुरु, तुरुतुरु, पिल्लू निघालं.

खिडकीबाहेर वरच्या मजल्यावरून लोंबत होती गोधडी. लाल तुकडा, हिरवा तुकडा, पिवळा तुकडा. हुंग हुंग! गोधडीला येत होता डांबरगोळ्यांचा वास. आक्छी!

"गोधडीआजी, गोधडीआजी, सरकतेस का?
सायबाई उठेना.
आजोबा थांबेनात.
बाबा उठेनात.
आई हो म्हणेना.
पालवी मांडी देईना.
मग मी झोपू कुठं?"

"सरकते रे सोन्या," गोधडी म्हणाली. "पण मला मेलीला पाय कुठले? सरकते, पण वारा आला तर."

"वारा कुठं असतो?"

"गच्चीत. पाण्याच्या टाकीमागे. आळशी आहे, झोपला असेल."

तुरुतुरु, तुरुतुरु, पिल्लू निघालं.

आता आल्या पायऱ्या. बाप रे! एक पाय वर. दुसरा पाय वर. मागचे पाय वर येईनात. हुप्प! आले. पुन्हा हुप्प! सावकाश हं, पिल्ला. हुप्प, हुप्प, हुप्प आणि आली गच्ची. (गच्चीचा कठडा चांगला उंच आहे. काळजी नको.)

टाकीमागे होता वारा. एका वाळक्या पानाखाली झोपलेला. हुंग हुंग! वाऱ्याला कसला वास येत होता?

सगळ्यांचाच! बिस्किटाचा, कढीपत्त्याचा, मोज्यांचा, बामचा. आणि दूर कुठून तरी, अगदी थोडासा, ठिपक्यांच्या पिल्लाचा वास! त्याला दूधभात मिळाला होता. वासावरूनच कळलं.

पिल्लाची शेपूट हलायला लागली. लुटूलुटू, लुटूलुटू.

"वारादादा, वारादादा, येतोस का?
गोधडी सरकेना.
सायबाई उठेना.
आजोबा थांबेनात.
बाबा उठेनात.
आई हो म्हणेना.
पालवी मांडी देईना.
मग मी झोपू कुठं?"

"येतो की," वारा झोपेतच म्हणाला. "पण कुणी मला मोठ्ठ्यानं हाक मारली तर."

आणि तो परत झोपला.

आता हाक कोण मारणार? पिल्लानं इकडे बघितलं. तिकडे बघितलं. टाकीमागेही बघितलं. गच्चीत कुणीच नव्हतं. फक्त पिल्लू होतं.

"कूं," पिल्लू म्हणालं.

वारा हलला नाही.

"क्यूंऽऽ!"

वाळकं पान जरासं हललं. बस.

पिल्लानं छाती भरून श्वास घेतला. पोट झालं गोल. कान गेले मागे. चारही पाय घट्ट.

"भॉ!"

पिल्लू दचकून खालीच बसलं. हे कोण बोललं?

पुन्हा करून बघूया का? करूया!

"भॉ! भॉ! भॉ!"

वारा ताडकन उठला. "आलो, आलो, आलो!"

सूंऽऽऽ! वारा आला.

फडफड फडफड! गोधडी सरकली.

खिडकीत ऊन आलं. सायबाईनं अंग ताणलं, जांभई दिली आणि उशीवरून उठली.

आजोबांनी उशी ओढली. मान झाली सरळ. घुर्रर्र... आणि घोरणं थांबलं.

"अरेच्चा! केवढं शांत!" म्हणत बाबा उठले. चपलाही घातल्या. "चला, कोण येतंय फिरायला?"

सगळ्यांनी आईकडे बघितलं.

"पण..." आई म्हणाली.

"आता कसला पण?" बाबा म्हणाले.

आईनं आठवून बघितलं. एकही पण सापडेना.

"हो," आई म्हणाली. मग जरा मोठ्यानं म्हणाली, "हो!"

हुप्प, हुप्प, हुप्प, पिल्लू पायऱ्या उतरलं. शेवटची पायरी तर गडगडतच उतरलं. समोर शुभाकाकू! हातात दुधाचं भांडं, केस विस्कटलेले.

"अगं बाई, माझं बटाटं कुठं गेलं होतं?" काकूंनी त्याला उचललं. नाकाला नाक लावलं. पालवीनं दोन्ही हात पुढे केले.

पण मधली काकू पिल्लू असंच देत नाही. आधी विचारते.

"चप्पल चावली तर?" काकूंनी विचारलं.

"दुसरी असते ना," पालवी म्हणाली.

"दिवाळीत गावाला गेलात तर?"

"तेही येईल. गाडीत माझ्याजवळ बसेल."

"मोठं झालं तर? म्हातारं झालं तर? घोरायला लागलं तर?"

सगळ्यांनी आजोबांकडे बघितलं.

"आहे आम्हाला सवय," बाबा म्हणाले.

"साफ खोटं!" आजोबा म्हणाले.

काकू हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "पालवी, त्याला कायमची मांडी हवी. कायमची म्हणजे किती, माहीत आहे का?"

पिल्लानं कान उभे केले. या वेळी दोन्ही!

पालवीनं विचार केला. खूप विचार केला. "आज," ती म्हणाली. "आणि उद्या. आणि उद्याच्या उद्या. आणि मग परत आज."

काकू हसल्या. आणि रडल्याही. एकदमच! पिल्लानं त्यांचा गाल चाटून बघितला. खारट होता. आणि जरासा गोडही.

काकूंनी पिल्लू पालवीकडे दिलं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. "किती आहेत? दोन? या घेऊन, या," काकू म्हणाल्या आणि लगबगीनं घरी गेल्या.

पालवी बसली खिडकीपाशी, उन्हात. मांडी घातली. पिल्लू मांडीत चढलं. हुंग हुंग! गोल फिरलं. पुन्हा गोल फिरलं. पालवीच्या पोटाला पाठ लावली.

आणि झोपलं.

"पालवी, पोहे खायला ये गं!"

"श्श्श!" पालवी म्हणाली. "पिल्लू उठेना."

पिल्लू उठेना, म्हणून पालवी उठेना.
पालवी उठेना, म्हणून आई पोहे घेऊन तिथंच आली.
आई तिथं बसली, म्हणून बाबाही बसले. चपला घालूनच.
बाबा बसले, म्हणून आजोबा आले. उशी घेऊन.
मग सायबाईही आली. जरा लांबच बसली. मग थोडी जवळ सरकली. मग आणखी थोडी.

पिल्लू मांडीत, मांडी उन्हात, ऊन घरात.
गोष्ट आपली पोटात.
आता कुणी हलायचं नाही हं. श्श्श!