कठड्याला हात न लावण्याचा नेम

"मग सांगा ना माई, हा नेम मोठा की नाही?"

यमुनामाई पाटावर टेकल्या होत्या. श्रावणातला शेवटचा सोमवार. सोमवार सोडायला नीळकंठरावांनी त्यांना घरी बोलावलं होतं. दत्ताच्या देवळात पोथी सांगणाऱ्या या म्हाताऱ्या बाईंना सारं गाव गुरू मानत असे. नीळकंठराव तर स्वतःला त्यांचा पट्टशिष्यच समजत. माईंनी तसं कधी म्हटलं नव्हतं.

"कोणता नेम?"

"कार्तिकी एकादशीपर्यंत जिन्याच्या कठड्याला हात लावायचा नाही. चढताना नाही, उतरताना नाही. आधार फक्त देवाचा."

माईंनी मान वळवून जिन्याकडे पाहिलं. माडीवर जाणारा लाकडी जिना. मधल्या वळणावर कठड्याचे चार गज निखळले होते आणि वरचा दांडा सुतळीनं खांबाला बांधून ठेवला होता. सुतळीच्या गाठीला हळदकुंकू वाहिलेलं होतं.

"कठडा मोडला कधी?"

"आषाढात. नवमीला. कपाट वर चढवताना."

"आणि नेम कधी धरलास?"

"एकादशीला."

स्वयंपाकघरातून नीळकंठरावांच्या पत्नीचा, वत्सलाबाईंचा खोकला ऐकू आला. त्यांना खोकला झालेला नव्हता.

नीळकंठरावांना वाटलं, माईंना नेमाचं वजन कळलेलं दिसत नाही. म्हणून त्यांनी मागच्या चातुर्मासाचं सांगितलं. तेव्हा त्यांनी कारलं सोडलं होतं. माईंनी विचारलं, आवडायचं का रे? त्यावर ते म्हणाले, तसं आवडायचं नाही, पण चार महिने तोंडालासुद्धा लावलं नाही.

एवढ्यात वरून दोरीला बांधलेली परडी हेलकावे खात खाली आली. परडीत कापसाच्या वाती होत्या, शंभर-शंभरांच्या जुड्या बांधलेल्या. वत्सलाबाईंनी पुढे होऊन ती अलगद धरली.

मग त्यांनीच माईंना सगळं सांगितलं. सासूबाईंनी लक्ष वातींचा नेम धरला होता. आज समाप्ती. वाती वळून झाल्या, पण तुपात भिजवून देवापुढे लावायच्या त्या आपल्या हातानं, अशी त्यांची इच्छा होती. देवघर खाली, आणि कठडा मोडल्यापासून सात आठवडे त्या माडीवरून उतरल्या नव्हत्या. न्हाणी वर आहे म्हणून निभत होतं. जेवणाचं ताट वर जायचं, फुलं-वाती परडीतून खाली यायच्या. सोमा सुतार दोनदा हत्यारं घेऊन आला आणि दोनदा परत गेला, कारण मालकांचा नेम चालू होता.

"आता मध्येच दुरुस्त केला तर लोक काय म्हणतील?" नीळकंठराव म्हणाले. "म्हणतील, याला आधाराचा मोह पडला."

"माई, नेम यांचा आहे," वत्सलाबाई परडी सोडवत म्हणाल्या. "उपास सगळ्या घराला पडलाय."

माई उठल्या.

जिन्याच्या वळणापाशी गेल्या. निखळलेल्या गजांच्या जागेकडे बोट दाखवून म्हणाल्या, "इथे उभा राहा. पाठ बाहेर. हात पुढे."

नीळकंठराव सोवळं सावरत वर चढून उभे राहिले. पाठीमागे काहीच नव्हतं. त्यांनी एकदा खाली ओसरीच्या फरशीकडे पाहिलं, मग पुन्हा पाहिलं नाही.

"माई... मी कशाला धरू?"

"तूच मघाशी सांगितलंस."

माईंनी वर हाक मारली. नीळकंठरावांच्या आई माडीच्या दाराशी आल्या. पहिल्या पायऱ्या भराभर उतरल्या आणि वळणावर थबकल्या. त्यांनी आधी मुलाचा दंड धरला. मग खांदा. मग, पायरी उंच होती म्हणून, कान.

"सुतळीपेक्षा घट्ट आहे," त्या म्हणाल्या, आणि उतरल्या.

देवघरात तुपाची वाटी तयार होती. आईंनी पहिली जुडी भिजवली, निरांजनावर पेटवली. ज्योत सरळ उभी राहिली. वत्सलाबाईंनी पदरानं डोळे टिपले. नीळकंठरावांनाही ते पाहावंसं वाटलं. त्यांनी हळूच एक पाऊल खाली टाकलं.

माईंची पाठ त्यांच्याकडे होती.

"कठडा कुठे निघाला?" त्या म्हणाल्या.

पाऊल परत वर गेलं.

आईंना आठवलं, चष्मा वर राहिला. त्या कान धरून वर गेल्या आणि खांदा धरून खाली आल्या. मग आठवलं, कापूरही वरच. तोवर समाप्तीचं ऐकून शेजारणी आल्या. त्यांना एवढ्या वाती जिथे वळल्या गेल्या ती खोली बघायची होती. सात जणी वर चढल्या, सात जणी उतरल्या. नीळकंठरावांच्या सोवळ्यावर तुपाची, हळदीची आणि एका ठिकाणी शिऱ्याची बोटं उमटली. दोघी-तिघींनी नमस्कारही केला, त्यांना वाटलं हाही नेमाचाच भाग असेल.

त्यातली सर्वांत म्हातारी, जिला नीट दिसत नसे, उतरताना म्हणाली, "कठडा नवा केलात वाटतं. छान आहे. पण जरा थरथरतो."

आरती झाली. शेजारणी गेल्या. आई देवापुढे बसून शेवटची जुडी मुद्दाम सावकाश भिजवत होत्या. सात आठवड्यांनी देव दिसला होता, त्यांना घाई नव्हती. त्या वर जाईपर्यंत वळणावरचा माणूस हलणार नव्हता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

माई जिना चढून वळणापाशी आल्या. नीळकंठरावांच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. मघाचा तोरा उतरला होता.

"माई, सकाळीच सोमाला बोलावतो."

"बोलाव."

"शिसवीचाच बसवायला सांगतो. आईंच्या मुठीत मावेल असा."

"सांग."

मग न राहवून, अगदी लहान आवाजात त्यांनी विचारलं,

"पण मग... माझा नेम?"

माईंनी त्यांच्या खांद्यावर हात टेकला आणि एक पायरी चढल्या.

"तो कठडा बसल्यावर सुरू होईल."