उघड्यावर झोपणारा वैद्य

पूर्वी सिंधुमती नगरीत इंद्रसेन राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्वाने तिथल्या एका वैद्याच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव वरुणदत्त. मोडलेले हाड सांधण्यात त्याचा हात धरणारा राज्यात दुसरा कोणी नव्हता.

त्याच राज्यात डोंगराच्या पायथ्याशी शैलग्राम नावाचे विणकरांचे गाव होते. घरे दगडांची, वर मातीचे जाड धाबे. एका पहाटे जमीन हादरली आणि झोपलेल्या माणसांवर ती घरे कोसळली. राजा दयाळू होता. त्याने धान्याच्या गाड्या धाडल्या, सुतार-गवंडी धाडले आणि वैद्यांचा प्रमुख म्हणून वरुणदत्ताला पाठवले. काही महिन्यांत घरे पुन्हा उभी राहिली, जखमा भरून आल्या, बाकीचे वैद्य परतले. मग राजाचा दूत आला. थोरले राजवैद्य निवर्तले होते आणि त्यांच्या आसनावर वरुणदत्ताने बसावे अशी राजाची इच्छा होती.

वरुणदत्ताला मनापासून आनंद झाला. त्याच्या वडिलांनी जन्मभर त्या आसनाची आस धरली होती. निघण्यापूर्वी तो निरोप घ्यायला गावात गेला. आजवर रोगीच त्याच्या मांडवात येत. त्यांच्या दारी तो कधी गेला नव्हता. पाहतो तर नव्या घरांत फक्त भांडीकुंडी होती. अंथरुणे सगळी शेतात पसरलेली. थंडीने पोरे खोकत होती. लांबून बैलगाडीचा गडगडाट आला तसे काही म्हातारे उठून पळू लागले.

बोरीखाली सुभगा बसली होती. त्या पहाटे तिचा नवरा आणि मुलगी गेली होती. तिचा पाय वरुणदत्तानेच सांधला होता.

“पाय दुखतो का, ताई?”

“नाही.”

“मग चालत का नाहीस?”

“कुठे जाऊ?”

वरुणदत्ताने घराकडे बोट दाखवले. सुभगेने तिकडे पाहिलेही नाही. “घर चांगलं आहे, वैद्यराज. पण आत गेले की सारखं वर बघावं लागतं. वर बघत झोप कशी यायची?”

वरुणदत्ताने त्या घराच्या छपराकडे पाहिले. गवंड्यांनी पुन्हा तसलेच जड धाबे घातले होते. त्याला वाटले, मी हिचे हाड जोडले आणि त्याला बरे होणे म्हटले.

तो दूताकडे गेला. “महाराजांना सांग, माझं काम अजून अर्धंच झालंय.”

“हे आसन तुमच्यासाठी रिकामं राहणार नाही,” दूत म्हणाला.

“ठाऊक आहे.” एवढे बोलताना त्याच्या वडिलांचा चेहरा डोळ्यांपुढे आला होता. त्या संध्याकाळी त्याने आपले अंथरूण शेतात आणून टाकले आणि गावकऱ्यांना सांगितले, “या गावातला शेवटचा माणूस छपराखाली जाईल, त्याच्यामागून मी जाईन.”

त्याने कोणाला उपदेश केला नाही. सकाळी आखडलेले सांधे तेलाने चोळावेत, मग दोघादोघांना जोडीने पाण्यावर धाडावे, असा त्याचा क्रम होता. माग उघड्या मांडवात मांडले, कारण विचारून जे कोणी सांगत नसे ते शेजारी बसून विणताना आपोआप ओठांवर येई. हळूहळू गावकऱ्यांनीच जड धाबी उतरवली, बांबूच्या कुडाच्या भिंती केल्या, वर गवत शाकारले. एकेक कुटुंब आत जाऊ लागले. जरा खुट्ट झाले की काही जण पुन्हा अंथरूण घेऊन बाहेर येत. त्यांना कोणी हसत नसे.

ऋतू गेले. शेवटी बोरीखाली सुभगा आणि शेताच्या कडेला वरुणदत्त, एवढीच दोन अंथरुणे उघड्यावर उरली. त्या वर्षी थंडी फार कडक पडली आणि वरुणदत्ताच्या छातीत कफ भरला. ताप उतरेना. गावकरी त्याला उचलून घरात न्यायला आले, पण तो मानेनेच नको म्हणाला. तेव्हा कंकण नावाच्या म्हाताऱ्या विणकराचा तोल सुटला. तो सुभगेवर ओरडला, “तुझ्यापायी हा देवमाणूस जाईल! आत जायला तुझं काय जातंय?”

“तिला बोलू नका,” वरुणदत्त धापा टाकत म्हणाला. “रेटलं तर ती आत जाईल. पण झोपणार नाही.”

सुभगा काठी टेकत उठली.

“दार काढून ठेवा,” ती म्हणाली. “आणि वरचं थोडं गवत बाजूला करा. मला आभाळ दिसू दे.”

कंकणानेच छपरावर चढून गवत सारले. सुभगा उंबऱ्यावर थबकली. दोन्ही बाजूंनी बाया तिला खेटून उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यासोबत ती आत गेली. मग आतून तिचा आवाज आला, “वैद्यराजांना आणा. अंथरूण घातलंय.”

गावाने वरुणदत्ताची शुश्रूषा केली आणि तो बरा झाला.

पुढे एकदा राजा त्या वाटेने आला. त्याच्या मनातला सल गेला नव्हता. तो म्हणाला, “मी धान्य दिलं, वैद्य दिले, घरं बांधून दिली. असं काय कमी पडलं की तू माझा शब्द मोडलास?”

“महाराज, कमी काहीच पडलं नाही,” वरुणदत्त म्हणाला. “फक्त लवकर संपलं.”

ते ऐकून राजाने शैलग्रामात कायमची वैद्यशाळा उभारली. काही काळाने पलीकडच्या खोऱ्यात दरड कोसळली, तेव्हा राजाची माणसे पोचण्याआधी सुभगा लंगडत तिथे गेली आणि एका आक्रोश करणाऱ्या बाईशेजारी काही न बोलता बसली.

विहारात ही कथा सांगून भगवान शास्ते म्हणाले, “भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आज या विहाराला औषधे पुरवणारा उपासक. तेव्हाचा कंकण म्हणजे आजारी भिक्षूवर आज सकाळी चिडलेला तुमच्यातलाच एक जण. सुभगा म्हणजे त्या आजाऱ्याच्या उशाशी बसलेली भिक्षुणी. आणि वरुणदत्त मीच होतो.”

या जन्मात बोधिसत्त्वाने क्षांतीची पारमिता, धीराचा तो परमगुण, पूर्ण केली. दुःखी माणसाला लागेल तितका वेळ त्याच्यापाशी थांबणे, ही क्षांती.