नारबा जागा धरतो

एका गावात एक भोळा जावई होता. जावई एकाच गावचा, पण भोळा दोन्ही गावांत. नाव नारबा. सांगाल तेवढं इमानानं करायचा, आणि तिथंच घोळ व्हायचा.

त्याची बायको कौसा दिवाळीला माहेरी गेली, ती परत येईना. इकडे नारबाचं तिच्यावाचून पान हलेना. शेवटी सासऱ्यांनी मध्यस्थी केली. म्हणाले, "आपण सगळे रोपवेनं देवीच्या गडावर जाऊ. दर्शन घेऊ, पायथ्याशी जेवू. जावईबापू दिवसभर शहाण्यासारखे वागले, तर कौसा तिथूनच त्यांच्याबरोबर जाईल."

पायथ्याशी ही गर्दी. सासरे म्हणाले, "जावईबापू, पुढं व्हा, जागा धरा."

जागा कशी धरतात हे नारबाला एसटीमुळं पक्कं ठाऊक होतं. त्यानं गळ्यातलं उपरणं काढलं, खिडकीतून ट्रॉलीत टाकलं आणि निवांत बाजूला उभा राहिला. ट्रॉली सुटली. उपरणं एकटंच गडावर गेलं.

"अहो, जागा धरली होती ना?" सासऱ्यांनी विचारलं.

"धरली की, मामा. ती बघा, चालली."

सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. "जे चालतं त्यावर कापड टाकून भागत नाही. दोन्ही हातांनी धरायचं आणि आपली माणसं येईपर्यंत सोडायचं नाही."

"बरं, मामा."

पुढच्या ट्रॉलीत सासऱ्यांनीच सगळ्यांना कोंबलं. ट्रॉली वर चढू लागली, तशी नारबाला भोवळ यायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "खाली कशाला बघता? समोर बघावं."

"बरं, मामी."

दर्शन झालं. उपरणंही मिळालं. मंडळी खाली उतरून एसटी थांब्यासमोरच्या खानावळीत बसली. पानं मांडली. हात धुवायला गेलेली कौसा अजून यायची होती. तेवढ्यात वाढपी पिठल्याचं पातेलं घेऊन चालत आला. चालत आला म्हटल्यावर नारबानं झडप घालून पातेलं दोन्ही हातांनी धरलं.

"सोडा की, पाव्हणं."

"आमची माणसं येऊ द्या."

ओढाताणीत निम्मं पिठलं सासऱ्यांच्या धोतरावर गेलं. उरलेलं लांबूनच वाढून वाढपी पळाला. नारबा जेवायला लागला. मान ताठ, नजर समोरच्या डोंगरावर. हात मात्र शेजारच्या पानात. सासूबाईंची अख्खी भाकरी संपली तरी त्याला पत्ता नव्हता.

आता सासऱ्यांचा तोल सुटला. "अहो, जावयाची काही रीत असते. असं हिसकावू नये, दुसऱ्याच्या पानातलं खाऊ नये. कोणी काही देऊ केलं तर आधी नको म्हणावं. पुन्हा विचारलं तरी नकोच म्हणावं. पोट भरलं म्हणावं. तिसऱ्यांदा आग्रह झाला, की मग घ्यावं."

"बरं, मामा."

कौसा एव्हाना येऊन बसली होती. आईचं रिकामं पान आणि नवऱ्याची ताठ मान बघून तिला आधी हसू फुटलं, मग कीव आली, आणि मग फार माया आली. माणूस वेडगळ आहे, पण मनात पाप नाही, असं तिला वाटलं. समोर एसट्या लागल्या होत्या, एक माहेरची, एक सासरची. ती लाजत म्हणाली, "अहो, मी येते तुमच्याबरोबर घरी."

नारबाला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पण रीत ती रीत. त्यानं पानावर हात आडवा धरला.

"नको, नको."

कौसा चमकली. "नको? मी येऊ ना घरी?"

"नको. पोट भरलं."

कौसा ताडकन उठली आणि माहेरच्या एसटीत जाऊन बसली. तिच्यामागं सासूबाई धावल्या, त्यांच्यामागं पिठल्याचं धोतर सावरत सासरे. एसटी सुटली. नारबा पानावर हात आडवा धरून शांत बसला होता.

खानावळीचा मालक जवळ आला. "पाव्हणं, तुमची मंडळी गेली की. तुम्ही उठला नाही?"

"उठून कसं चालेल?" नारबा हसला. "दोनदा विचारून झालंय. आता तिसऱ्यांदा येईलच की."