खासनिसांचा हुकूम आणि नलूताईंचा अळू

नाशिकच्या एका सोसायटीचे चेअरमन खासनीस यांना हुकूम सोडल्याशिवाय चहा पचत नसे. या खेपेला त्यांची वक्रदृष्टी गच्चीकडे वळली. तिथे नलूताई बोरवणकरांनी स्वयंपाकघरातल्या सालीदेठांचं खत घालून कुंड्यांत अळू, लाल माठ आणि पडवळ वाढवलं होतं. नवरा गेल्यापासून त्यांचा सगळा जीव त्या कुंड्यांत होता.

सभेत खासनीस छाती फुगवून म्हणाले, "गच्चीवर शेती चालणार नाही. कुंड्या उद्याच फेकून देतो."

"अहो, कुंड्यांना कुणी शेती म्हणतं का?" नलूताईंनी विचारलं.

"माती तीच, भाजी तीच. शेतातल्या आणि या भाजीत काडीचाही फरक नाही. मला शिकवू नका."

नलूताई पहिल्या रांगेत बसलेल्या खासनिसांच्या आईकडे वळल्या. "माई, माझं चुकलं. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून दर वर्षी तुम्ही माझ्या कुंड्यांतली भाजी नेता. पण साहेब म्हणतात, ती शेतातल्यासारखीच. म्हणजे तुमचं व्रत दर वर्षी मोडलं की हो."

माईंनी चष्मा सावरून लेकाकडे पाहिलं. "काय रे, फरक आहे की नाही?"

खासनीस घाम पुसत पुटपुटले, "आहे. पुष्कळ आहे."

"मग बस खाली. आणि नलू, यंदा अळू जरा जास्त लाव."

पंचमीच्या आदल्या दिवशी अळू आणायला खासनीसच जिने चढून गच्चीवर गेले. लिफ्ट बंद होती. तिच्या दुरुस्तीचा हुकूम सोडायला त्यांना अजून सवड मिळाली नव्हती.