निळ्या पाण्याची अंधारपरीक्षा

"पण रंग गेला कुठे?" अक्कांनी विचारलं.

श्रेणिक हसला. हा प्रश्न येणार हे त्याला ठाऊकच होतं.

"मोडला, अक्का. ऊन आणि माझी पूड, दोघांनी मिळून त्याचे तुकडे केले. आता पाण्यात काही उरलं नाही."

कॉलेजच्या गच्चीवर ऊन रणरणत होतं. अक्का जिन्याच्या सावलीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. समोर कठड्यावर काचेचं भांडं होतं. सकाळी त्यातलं पाणी शाईसारखं निळं होतं. श्रेणिकनं आपली काळी पूड त्यात घातली, ढवळली, भांडं उन्हात ठेवलं. चहा पिऊन येतो तो पाणी स्वच्छ! पूड गाळून घेतली, तर पलीकडचं वर्तमानपत्र वाचावं इतकं नितळ.

पूड त्यानं उसाच्या चिपाडापासून बनवली होती. चिपाडं जाळून कोळसा केला, त्या कोळशाचे डोळ्यांनाच काय, साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे कण केले, आणि त्यांवर झिंक ऑक्साइडचा लेप दिला. उजेड पडला की या कणांनी रंग मोडायचा आणि स्वतः होते तसेच राहायचं. याला उत्प्रेरक म्हणतात. दोन घरांची सोयरीक जुळवायची आणि आपण आलो तसं परत जायचं, असा हा मध्यस्थ, असं अक्का वर्गात सांगत.

अक्का म्हणजे तारामती मगदूम. निवृत्त झाल्या तरी रोज प्रयोगशाळेत येत. त्यांनी "जा" म्हटल्याशिवाय त्यांचा एकही विद्यार्थी आपलं काम बाहेर दाखवत नसे. कुठे लिहिलेलं नव्हतं, पण आजवर कुणी मोडलंही नव्हतं.

श्रेणिकला ते "जा" आजच हवं होतं. उद्या त्याच्या गल्लीत माणसं जमायची होती. गल्ली कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्यांची. मागचा ओढा बारा महिने निळा-जांभळा वाहायचा. त्या ओढ्याचं पाणी सगळ्यांसमोर नितळ करून दाखवायचं, असं तो घरोघरी सांगून आला होता.

"अंधार दाखवलास?" अक्कांनी विचारलं.

ती त्या प्रयोगशाळेची रीत होती. पूड घातली की भांडं आधी काळ्या कापडाखाली झाकून ठेवायचं आणि मगच उन्हात न्यायचं. नव्यानं आलेलं पोरही पहिल्यांदा हेच शिकायचं.

"गरज काय, अक्का? अंधार आळशी पुडींना. माझी तर उन्हात पाऊल टाकलं की कामाला लागते."

"बोलतोस मात्र झकास."

"काम पण झकास आहे."

"असेल की." अक्कांनी हात पुढे केला. "गाळलेली पूड दे. आणि खालून स्पिरिट आण."

श्रेणिकनं दोन्ही आणून दिलं. अक्कांनी रिकाम्या चंबूवर नरसाळं धरलं. नरसाळ्यातल्या गाळणकागदावर ती ओली काळी पूड होती. तिच्यावर त्यांनी स्पिरिटची बारीक धार सोडली.

पहिला थेंब पडला. बिनरंगी.

श्रेणिक गालात हसला.

दुसरा थेंब पडला.

मग तिसरा... आणि श्रेणिकचं हसू गालातच राहिलं.

चंबूत निळं उतरत होतं. सकाळचंच निळं, तितकंच गडद. रंग मोडला नव्हताच; कोळशानं तो नुसता शोषून घेतला होता आणि स्पिरिटनं धुऊन बाहेर काढला.

गच्चीवरच्या टाकीतून पाणी ठिबकत होतं, तेवढाच आवाज.

"पुडीनं फसवलं मला," श्रेणिक शेवटी म्हणाला.

"पुडीनं? ती बिचारी पाहुण्याला घरात घेऊन दार लावून बसली. पाहुणा मेला ही आवई तू उठवलीस."

श्रेणिकनं मान खाली घातली. वापरून झालेली पूड गल्लीतले लोक कुठे टाकणार होते? ओढ्याच्या काठावर. त्यानंच तसं सांगितलं होतं. काही होत नाही, खुशाल टाका, म्हणून.

"उद्याचं रद्द करतो, अक्का."

अक्कांनी स्पिरिटच्या बाटलीला बूच लावलं.

"सांगतो लोकांना, जमलं नाही."

अक्कांनी खुर्चीत मागे टेकून डोळे मिटून घेतले.

श्रेणिक जिना उतरून खाली गेला आणि काळं कापड घेऊन वर आला.

या वेळी त्यानं घाई केली नाही. निळ्या पाण्याची दोन भांडी भरली. एकात नवी पूड घातली, सकाळपेक्षा बरीच कमी; दुसऱ्यात काहीच नाही. ऊन एकटंच रंग उडवतं का, तेही कळायला हवं होतं. पूड घातलेलं भांडं कापडाखाली झाकलं आणि ढवळत बसला. पाणी फिकं होत गेलं. त्यानं होऊ दिलं; अंधारात रंग मोडत नाही, नुसता शोषला जातो. पुडीला पोटभर पिऊ दिलं. पाणी आणखी फिकं होईना, तेव्हा त्यातलं थोडं नळीत गाळून सावलीत ठेवलं आणि मग दोन्ही भांडी उन्हात मांडली.

दोघं बसून राहिले. ऊन कठड्यावरून सरकत गेलं.

मग त्यानं भांड्यातलं पाणी दुसऱ्या नळीत गाळून घेतलं. दोन्ही नळ्या शेजारीशेजारी धरल्या. डोळे बारीक केले. पुन्हा धरल्या.

"अक्का..." त्याचा आवाज बदलला होता. "गेलाय."

"किती?"

"थोडाच. बघणाऱ्याला दाखवावा लागेल. पण गेलाय."

"लपला नसेल कशावरून?"

"लपायला जागाच नव्हती. पुडीचं पोट आधीच भरलं होतं."

"उन्हानं उडवला असेल."

"नुसत्या उन्हातलं भांडं होतं तसंच आहे, हे बघा." श्रेणिकनं मान वर केली. "मोडलाय, अक्का. खरंच मोडलाय."

अक्कांनी त्याच्याकडे पाहिलं.

"जा," त्या म्हणाल्या. "उद्या हेच दाखव. सकाळचंही दाखव, आत्ताचंही."

"एवढंसंच? सगळी गल्ली हसेल."

"हसू दे."

श्रेणिकचा चेहरा हळूहळू उजळत गेला. सकाळी नितळ पाण्यापाशी तो चढेलपणे उभा होता. आता या जेमतेम फिकुटलेल्या पाण्यापाशी त्याची छाती गजभर झाली होती. दोन्ही हात कठड्यावर टेकून, पाळण्यात वाकून बघावं तसा तो भांड्यावर वाकला. तिथून हलेचना.

"हसू देत," तो स्वतःशीच म्हणाला. "आख्ख्या गल्लीत कुणाला जमलं नव्हतं ते मी केलंय. मी..."

अक्का खुर्चीतून उठल्या. सावकाश चालत त्याच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"बाजूला हो, श्रेणिक," त्या म्हणाल्या. "भांड्यावर तुझी सावली पडलीय."