सोपानच्या दातांच्या तारा

एका गावात एक भोळा गडी होता. नाव सोपान. वय सदतीस. मामाच्या गुऱ्हाळात काहील सांभाळायचा. काहील म्हणजे उसाचा रस आटवायची भली मोठी कढई. मामा एकदा कौतुकाने म्हणाला, "हिच्यात म्हस बसंल म्हस!" सोपान गोठ्यात गेला आणि म्हैस सोडून घेऊन आला. मामाने वाटेत पाहिलं म्हणून बरं.

सोपानचे दात वाकडे होते. थोडेथोडके नाही, चांगलेच. समोरच्या चार दातांची तोंडं चार गावांना. त्यामुळे लग्न जमेना. मुलीकडचे यायचे, पोहे खायचे, निघून जायचे.

मग वैजंता आली. म्हणजे हाच तिला बघायला गेला. वैजंता तेहतीस वर्षांची, शिलाईकाम करायची, गळ्यात टेप असायचा. तिने विचारलं, "स्वयंपाक येतो का?"

सोपान म्हणाला, "गूळ येतो."

वैजंता खळखळून हसली. सोपानलाही हसू आलं, पण त्याने तोंडावर हात धरला. "हात काढा की," वैजंता म्हणाली. "हसणारा माणूस बरा असतो घरात." सोपानने हात काढला. तेवढ्यात वैजंताचे वडील, तात्या, यांनी ते दात पाहिले आणि चहाचा कप खाली ठेवला.

"माघात लग्न," तात्या म्हणाले. "पण आधी दात सरळ करा. आमच्या पावण्यारावळ्यांत चर्चा नको. आणि बाकी काही इपरीत दिसलं तर मोडलं म्हणून समजा."

सोपानला वैजंता फार आवडली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणीतरी हात काढा म्हटलं होतं. तो दुसऱ्याच दिवशी तालुक्याला गेला. तिथे दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. बाकी पेशंट सगळी शाळेतली पोरं. सोपान त्यांच्यात रांगेत बसला. एक पोरगी म्हणाली, "काका, तुमचा मुलगा कुठंय?" सोपान म्हणाला, "माझं अजून लग्न व्हायचंय." पोरगी आईजवळ सरकली.

मॅडमनी तारा बसवल्या आणि बजावलं, "सोपान, नीट ऐका. चिकट वस्तूपासून लांब राहायचं. चार हात लांब."

"कळलं," सोपान म्हणाला.

सोपानला नेहमी कळायचं. खरी अडचण तिथूनच सुरू व्हायची.

दुसऱ्या दिवशी गुऱ्हाळात काहिलीत रस उकळत होता. दाट झाला, तार धरायला लागला. चिकट दिसताच सोपान उठला आणि चार हात मोजून लांब जाऊन बसला. काहील करपली. धूर बघून मामा धावत आला.

"आरं ये शहाण्या! गूळ जळला की सगळा! तू हितं काय करतोस?"

"चार हात लांब बसलोय. मॅडमनी सांगितलंय."

मामाने कपाळावर हात मारला. "आरं, असं नसतं करायचं! नजर ठेवायची, ढवळत ऱ्हायचं, आन वर जे काय तरंगंल ते झाऱ्यानं काढून लांब फेकून द्यायचं. ती मळी असती, मळी! ती ऱ्हायली तर समदा माल नासतो."

"कळलं," सोपान म्हणाला.

चार दिवसांनी तात्या लग्नाची बोलणी करायला येणार होते. आईने पुरणपोळ्यांचा बेत केला. पोळीवर ताजं तूप पाहिजे म्हणून त्या पहाटे रवीने ताक घुसळायला घेतलं. शेजारणीने हाक मारली तशी आई म्हणाली, "सोपाना, जरा लक्ष ठेव रे बाबा," आणि गेली.

सोपानने लक्ष ठेवलं. ढवळत राहिला. बघता बघता वर पांढरं पांढरं तरंगायला लागलं. सोपानने झारा आणला, सगळं निपटून काढलं आणि कुंपणापलीकडे फेकून दिलं. गल्लीतली कुत्री त्या दिवसापासून त्याला फार मानतात.

आई आली. भांड्यात बघते तर नुसतं ताक.

"लोणी कुठंय रं?"

"कसलं लोणी? वर मळी आलती. फेकली."

आई मटकन खाली बसली. तात्यांनी त्या दिवशी कोरडी पुरणपोळी खाल्ली. तीनदा पाणी मागितलं. वैजंताच्या घरी ही गोष्ट कळली तेव्हा ती एकटीच हसली म्हणतात.

पाहुणे गेल्यावर आईने सोपानला समोर बसवलं. "आरं बाबा, असं करत्यात व्हय? एवढं मोलाचं! ते हलक्या हातानं उचलायचं, डबीत ठिवायचं आन वर गार पाणी घालायचं. म्हंजी चांगलं ऱ्हातं."

"कळलं," सोपान म्हणाला.

पुढल्या खेपेला मॅडमनी त्याच्या हातात एक पुडी दिली. पुडीत बारीक बारीक रबरं. "ही फार महत्त्वाची आहेत," मॅडम म्हणाल्या. "वरच्या दाताला आणि खालच्या दाताला मिळून एक अडकवायचं. दात सरकतात ते यांच्याच जोरावर. ही नीट वापरलीत तर माघापर्यंत तारा काढून टाकू."

त्यांनी आरशात करूनही दाखवलं. सोपानने हलक्या हाताने पुडी उचलली, दाखवलेलं रबरही घरी आल्या आल्या काढलं, सगळी डबीत ठेवली आणि वर गार पाणी घातलं. पाणी रोज बदलायचा. त्यात कधी चुकला नाही.

तीन महिने गेले. मॅडमनी तोंडात आरसा घालून बघितलं. मग चष्मा पुसून परत बघितलं.

"सोपान, दात तसूभर हललेले नाहीत. रबरं कुठायत?"

सोपानने पिशवीतून डबी काढली. "ही काय. एकसुद्धा हरवलं नाही."

मॅडमनी डबी उघडून पाहिली. "असं नाही करायचं हो! डबीत ठेवून काय उपयोग? तोंडात ठेवायचं! दिवसभर, रात्रभर. फक्त जेवायला बसलं की काढायचं. एरवी कुणी कितीही सांगितलं तरी काढायचं नाही. आता माघात कसल्या तारा निघतात!"

"कळलं," सोपान म्हणाला.

माघ आला. सोपान तारांसकट बोहल्यावर चढायला निघाला. तात्या कुरकुरले, पण पत्रिका वाटून झाल्या होत्या. मांडवाच्या दारात आईच्या हातात ओवाळणीचं ताट, खांद्याला पिशवी, मागून कुणीतरी हाका मारतंय. तिने कमरेची पुडी काढून सोपानच्या हातात दिली. आत मंगळसूत्र. दोन वाट्या आणि काळ्या मण्यांचा आखूड सर.

"माझी गडबड हाय. हे तुझ्यापाशी ठेव. मोलाचं हाय, हरवू नको."

सोपानने विचार केला. बारीक आहे, मोलाचं आहे. डबीत ठेवावं? छे, डबीवरूनच मॅडम रागावल्या होत्या. त्याने मंगळसूत्र तोंडात ठेवलं आणि तोंड मिटलं.

मंगलाष्टकं झाली. अक्षता पडल्या. हार घातले. गुरुजी म्हणाले, "मंगळसूत्र आणा."

आई म्हणाली, "सोपानपाशी हाय."

सगळे सोपानकडे बघायला लागले. सोपानने तोंडाकडे बोट दाखवलं. मामा म्हणाला, "तहान लागलीय त्याला," आणि पाणी आणवलं. सोपानने नाही म्हणून मान हलवली. कुणीतरी पेढा पुढे केला. पेढा चिकट, म्हणून सोपान चार हात मागे सरकला.

तात्यांचा पारा चढला. "मंगळसूत्र हरवलं? भर मांडवात? कोरडी पोळी खाल्ली, तारा चालवून घेतल्या, आता हे? मोडलं लग्न! वैजंता, चल!"

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. सोपानच्याही आलं, पण तोंड काही उघडेना. वैजंता जागची हलली नाही. तिने सोपानकडे निरखून पाहिलं. त्याच्या ओठांतून एक काळा मणी डोकावत होता.

"तोंडात हाय?" तिने विचारलं.

सोपानने होकार दिला.

"मग काढा की!"

सोपानने नकार दिला आणि हाताने घास घेऊन दाखवला.

"जेवायला बसल्यावर काढणार व्हय?"

सोपानने इतक्या आनंदाने मान हलवली की मुंडावळ्या कानामागे गेल्या. त्याचं एवढं नीट कुणी ऐकलंच नव्हतं.

"तात्या, थांबा," वैजंता म्हणाली. "ह्यांना ताट वाढा."

मंगळसूत्राआधी पंगत. गावात असं कधी झालं नव्हतं. बोहल्यावरच पाट मांडला, ताट आलं. सोपानने ताटाला नमस्कार करून तोंड उघडलं आणि मंगळसूत्र ओढलं. सराची दोन्ही टोकं बाहेर आली. वाट्या आल्या नाहीत. वाट्या तारांत अडकल्या होत्या.

मामाने ओढलं. सोपान ओरडला. "कापा," तात्या म्हणाले. "शुभ दिवशी मंगळसूत्राला कात्री?" आई कळवळली.

"ओढू नका," वैजंता म्हणाली. "गुंता ओढला की वाढतो. रोजचं काम हाय माझं." ती पुढे झाली, पदर सारखा केला आणि सोपानच्या तोंडासमोर मान वाकवली. "बांधा असंच."

सोपानने बांधलं. दोन टोकं वैजंताच्या मानेमागे, दोन वाट्या सोपानच्या दातांत, मध्ये चार बोटांचं अंतर. गुरुजींनी डोळे मिटून मंत्र म्हटले. सप्तपदी खेकड्यासारखी आडवी झाली. वैजंताला हसू आवरेना. ती हसली की सोपानचं डोकं हलायचं.

तशीच जीपमध्ये बसून दोघं तालुक्याला गेली. मॅडमनी बारीक चिमट्याने पाच मिनिटांत वाट्या सोडवल्या आणि सर वैजंताच्या गळ्यात सारखा केला. मग सोपानला सगळं कसं घडलं ते विचारलं. सोपानने सांगितलं. मॅडम खुर्चीत बसल्या, पेशंटच्या.

"अहो, असं नाही करायचं! एवढी मोलाची वस्तू तोंडात ठेवतात का? ती गळ्यात घालायची. कायमची! काढायची म्हणून नाही!"

"कळलं," सोपान म्हणाला.

वैजंताने त्याच्याकडे जरा काळजीने बघितलं, पण लग्न नवीनच होतं, त्याच्या "कळलं"चा अर्थ तिला अजून ठाऊक नव्हता.

महिन्याने दोघं परत तालुक्याला आली. मॅडमनी आरसा घातला, बघितलं, आरसा काढला.

"सोपान, रबरं कुठायत?"

सोपानने शर्टाचं वरचं बटण काढलं. गळ्यात काळा दोरा होता. दोऱ्यात सगळी रबरं एकाशेजारी एक, नीट गाठी मारून ओवलेली.

"ही काय," सोपान तोंडावर हात न धरता, सगळे दात दाखवत हसला. "आणि मॅडम, जेवतानासुद्धा काढत नाही."