सगळ्यांनी सांगितलेलं शिवणकाम

“...पण भंते, आपल्याला काय शिकायचंय हे लोकांना स्वतःलाच कसं कळत नाही?”

कल्याणी खिल्लारे जरा चढ्या आवाजातच बोलली. भंते सुमंगल विहाराच्या ओट्यावर बसून ऐकत होते.

पूर्वी ते तालुक्याच्या कृषी विद्यालयात शिकवत. कल्याणी त्यांची विद्यार्थिनी. पुढे त्यांनी भिक्खूचं चीवर घेतलं आणि तिने डॉक्टरेट. जिल्ह्यातल्या गावांना शेतीतलं आणि व्यवसायाचं कोणतं शिक्षण हवंय, याचं संशोधन आता तिच्याकडे होतं. तिच्या अहवालावरून या गावच्या रिकाम्या गोदामात प्रशिक्षण केंद्र उघडायचं होतं.

“काय म्हणतात लोक?” भंतेंनी विचारलं.

“बाया म्हणतात, शिवणकाम. प्रत्येक बाई तेच. जणू पाठ करून ठेवलंय.”

“मग लिही शिवणकाम.”

“कसं लिहू? शेजारच्या गावात असंच कुणीतरी लिहिलं. मशिनी आल्या. आज त्या प्लास्टिकखाली धूळ खात पडल्यात.”

“मग दुसरं काही लिही.”

“ते कसं लिहू? त्या तसं म्हणाल्याच नाहीत.”

भंतेंनी तिच्या हातातल्या प्रश्नांच्या कागदाकडे पाहिलं.

“माझे प्रश्न चुकलेले नाहीत, भंते. विद्यापीठातल्या तज्ज्ञांनी तपासलेत. चूक असलीच तर उत्तरं देणाऱ्यांची.”

“असेल... मला विचार.”

“तुम्हाला?”

“विचार तर.”

कल्याणी सावरून बसली. “आपल्याला कोणत्या प्रशिक्षणाची गरज वाटते?”

“शिवणकाम.”

तिला हसू फुटलं. “भंते, थट्टा नका करू.”

“लिहून घे.”

“तुम्हाला कशाला हवंय शिवणकाम?”

भंतेंनी चीवराचा काठ तिच्यापुढे धरला. तुकड्याला तुकडा जोडलेला. टाके बारीक, सरळ.

“हे मी शिवलंय.”

“मग तर मुळीच नको. येतंच की तुम्हाला!”

“गावातल्या बायांना येत नाही?”

कल्याणीला पंचफुलाबाई आठवली. ‘शिवणकाम’ असं उत्तर देताना तिच्या हातात गोधडी होती आणि बोलता बोलता सुई चालत होती.

“येतं...” ती हळूच म्हणाली. “मग जे येतं तेच का मागतात?”

“येत नाही ते सांगायला माणूस जवळचं लागतं.”

“मी काय परकी आहे? याच तालुक्यातली आहे मी.”

“विद्यालयात पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, काय शिकायला आलीस? तू काय म्हणालीस?”

“भाजीपाला लागवड.”

“आणि मनात काय होतं?”



“ट्रॅक्टर,” ती म्हणाली. “चालवायचा होता. उघडायचा, जोडायचा होता. पण पोरं हसली असती.”

“मी पुन्हा विचारलं नाही.”

“नाही.”

“मी तर तुझ्याच गावचा होतो...”

जाताना ती म्हणाली, “मग उद्या मी काय करू, भंते?”

“आत्ता मला काय सांगितलंस, ते त्या बायांना सांग.”

दुसऱ्या दिवशी ती गावाबाहेरच्या माळावर गेली. शिजवलेली हळद वाळत पडली होती. बाया ती उलटवत, खराब कांड्या वेचत बसल्या होत्या. कल्याणीही त्यांच्यात बसली. प्रश्न काढलेच नाहीत. ट्रॅक्टरची गोष्ट सांगितली.

बाया हसल्या. ते हसू बोचणारं नव्हतं.

पंचफुलाबाईने विचारलं, “मंग आता येतो का, बाई?”

“नाही. अजून नाही.”

“एवढं शिकून बी?”

“एवढं शिकूनही.”

पंचफुलाबाईने हातातली कांडी खाली ठेवली. माळाच्या कडेला हळद शिजवायचा बॉयलर उभा होता.

“तो परगावाहून येतो. चालवणारा बी परगावचा. तो येईस्तोवर आमची हळद पडून राहती. मला तो चालवाया शिकायचाय.”

“मग परवा का नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं, तर तुमी लिवलं असतं का?”

कल्याणीने खरं ते सांगितलं. “नसतं लिहिलं. बाईमाणसाचं काम नाही, असं मलाही वाटलं असतं.”

मग सगळ्याच बोलू लागल्या. एकीला मोटार दुरुस्त करायची होती. एकीला शेळ्यांचे आजार ओळखायचे होते. एकीला खरंच शिवणकाम हवं होतं. तिला शाळेचे गणवेश शिवायचे होते.

नलिनी नावाची नवी सून तेवढी गप्प होती.

“आणि तुला गं?”

“मला म्हाईतच न्हाई, ताई. घर आन् वावर, ह्यापल्याड म्या काय बघितलंच न्हाई. आधी दावा तरी. मंग सांगते.”

बाया पुन्हा हसल्या. कल्याणीला मात्र हसू आलं नाही.

अहवालात तिने पहिली शिफारस तीच केली. शिकवण्याआधी दाखवा. विद्यापीठातले वरिष्ठ वैतागले. “याला निष्कर्ष म्हणतात का?” कल्याणी भांडली, विनवण्या केल्या, पुन्हा भांडली. शेवटी या एका गावापुरती मंजुरी मिळाली.

बायांची गाडी निघाली. त्यांनी रोपवाटिका पाहिली, जनावरांचा दवाखाना पाहिला, बॉयलर बनवणारं वर्कशॉप पाहिलं. मधमाश्यांच्या पेट्यांपाशी नलिनी थांबली. हाका मारल्या तरी हलेना.

“मला हे,” ती म्हणाली. एवढंच.

पुढच्या हंगामात गोदामाचं केंद्र झालं. ट्रॅक्टरच्या तुकडीत कल्याणीने स्वतःचंही नाव घातलं. हळद निघाली, तेव्हा केंद्राच्या बॉयलरपाशी पंचफुलाबाई उभी होती. पदर खोचलेला, नजर वाफेच्या काट्यावर. गावातले बापे लांबून बघत होते. वाफ सुटली. हळदीचा वास पार वेशीपर्यंत गेला. तेव्हा म्हातारा पाटील मोठ्याने म्हणाला, “पंचफुलाबाई, उद्या आमची हळद घ्याल का?”

“नंबर लावा,” ती म्हणाली.

कल्याणी तशीच विहारात आली. कपड्यांना हळद, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. तिने सगळं सांगितलं. भंतेंनी डोळे मिटून ऐकलं. पंचफुलाबाईच्या उत्तराला ते खळखळून हसले.

“पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावी जायचंय, भंते,” ती म्हणाली. “आता काळजी नाही. कसं विचारायचं ते मला कळलं.”

भंतेंनी तिला पाणी दिलं. ती पिऊन होईपर्यंत थांबले.

“मग त्या गावच्या वेशीपाशी पोचेपर्यंत ते विसरून जा.”